किनाऱ्यालगतच्या भुलग्यांचे सर्वेक्षण: सिंधुदुर्गात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

कोकण किनाऱ्यावर डॉल्फिन पाहिलेली माणसे पुष्कळ भेटतात, पॉरपॉइज हा डॉल्फिनसारखाच समुद्री सस्तन प्राणी पाहिलेली फार थोडी. आणि ज्यांच्या डोळ्यांसमोरून तो गेलेला असतो त्यांपैकीही अनेकांना आपण डॉल्फिनच पाहिला असे वाटत असते. आपल्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या पॉरपॉइजच्या पाठीवर डॉल्फिनसारखा उभा पर (फिन) नसतो. जुन्या प्राणिशास्त्रीय नोंदींत त्याचे मराठी नाव ‘भुलगा’ असे आढळते आणि या लेखात तेच वापरले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात मोडतो. उथळ पाणी, खाड्यांची मुखे आणि कांदळवनांलगतचा समुद्र हा त्याचा आवडता अधिवास. मच्छीमारीची जाळी सर्वांत दाट असतात तीही नेमकी याच पट्ट्यात, त्यामुळे त्याची संख्या घटते आहे की टिकून आहे हे कळणे निकडीचे ठरते.

हा लेख प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, किनाऱ्यावरील शिक्षक, तरुण मच्छीमार आणि स्वयंसेवी गट यांच्यासाठी आहे. उदाहरणे सिंधुदुर्गाची घेतली आहेत, कारण भुलगा आणि कुबडधारी डॉल्फिन हे दोघेही तेथे किनाऱ्याजवळ दिसतात आणि कोकण सिटेशियन रिसर्च टीमसारख्या, डॉल्फिन-देवमाशांच्या कुळाचा अभ्यास करणाऱ्या गटाने तेथे काम केलेले आहे. पद्धत मात्र रत्नागिरी, रायगड वा गोव्याच्या किनाऱ्यालाही तशीच लागू पडते.

पायरी पहिली: प्रश्न ठरवणे आणि परवानग्या घेणे

‘आमच्या समुद्रात किती भुलगे आहेत?’ हा प्रश्न ऐकायला सोपा असला तरी पहिल्याच वर्षी तो हाती घेऊ नये. एकूण संख्येचा विश्वासार्ह अंदाज काढायला पुष्कळ दिवस, पुष्कळ इंधन आणि पुरेशा नोंदी लागतात. त्यापेक्षा ‘ठरावीक पट्ट्यात, ठरावीक ऋतूत, दर किलोमीटर शोधामागे किती भुलगे दिसतात आणि ते प्रमाण वर्षागणिक बदलते का?’ हा प्रश्न छोट्या गटाच्या आवाक्यातला आहे. पुढे पैसा आणि माणसे वाढली, तर याच नोंदींवरून संख्येचा अंदाजही काढता येतो; अट एवढीच, की नोंदी पहिल्या दिवसापासून नीट ठेवलेल्या असाव्यात.

पहिल्या अनुसूचीतील प्राण्याचे शास्त्रीय सर्वेक्षण करण्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घ्यावी. मालवण सागरी अभयारण्यात (घोषणा १९८७, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर) काम करायचे असेल, तर हे काम तोंडी ओळखीवर भागवू नये. मत्स्यव्यवसाय खाते, बंदर कार्यालय आणि सागरी पोलीस यांना नौकेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि सर्वेक्षणाच्या तारखा आधी लेखी कळवाव्यात. दुर्बिणी घेऊन समुद्रात सरळ रेषेत ये-जा करणाऱ्या अनोळखी नौकेबद्दल किनाऱ्यावर शंका येणे स्वाभाविकच आहे. ड्रोन वापरायचा असल्यास त्याची नोंदणी आणि त्या भागातील उड्डाणाचे निर्बंध वेगळे तपासावेत.

पायरी दुसरी: प्राणी ओळखणे

मालवण-वेंगुर्ल्याकडचे मच्छीमार ज्याला गादा म्हणतात तो बहुधा कुबडधारी डॉल्फिन असतो. त्याची लांबी अडीच मीटरच्या आसपास भरते, तोंड चोचीसारखे लांब असते, पाठीवर उंचवटा आणि त्यावर लहानसा पर असतो, आणि श्वास घेताना बऱ्याचदा त्याची चोच आधी पाण्याबाहेर येते. भुलगा दीड मीटरच्या आसपासचा, करड्या रंगाचा, डोके बोथट आणि चोच अजिबात नसलेला असतो. पराच्या जागी पाठीच्या मध्यावरून शेपटीकडे जाणारी कमी उंचीची एक पट्टी असते आणि तिच्यावर बारीक गाठींच्या रांगा असतात. या गाठी जवळून काढलेल्या छायाचित्रात किंवा किनाऱ्याला लागलेल्या मृत प्राण्यावरच स्पष्ट दिसतात. होडीतून त्या शोधण्यात वेळ घालवू नये.

होडीतून जे दिसते ते फार थोडे. मोटारीच्या टायरमधली ट्यूब क्षणभर वर येऊन पुन्हा बुडावी, तशी एक गुळगुळीत, गोलसर पाठ दिसते आणि नाहीशी होते. उडी नाही, शिंतोडे नाहीत, आणि होडीच्या नाळेपुढे (पुढच्या टोकापुढे) खेळत येण्याची सवयही सहसा नाही. भुलगे बहुतेक वेळा एकेकटे किंवा दोन-तीनच्या गटात असतात आणि होडीचा आवाज जवळ आला की दूर सरकतात. म्हणून नवशिक्याने पहिले काही दिवस नोंदी न करता अनुभवी माणसाबरोबर फक्त पाहण्याचा सराव करावा. खात्री नसेल तेथे ‘अनिश्चित’ असेच लिहावे. अनिश्चित नोंदी पुढे वेगळ्या काढता येतात; चुकीच्या खात्रीने लिहिलेली नोंद शोधून काढता येत नाही.

एक मर्यादा येथेच लक्षात घ्यावी. डॉल्फिनच्या पराच्या कडेवरील खाचा आणि व्रण पाहून एकेक प्राणी ओळखता येतो आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधता येतो. भुलग्याला पर नसल्यामुळे हा मार्ग जवळजवळ बंदच होतो. त्याच्याबाबतीत भिस्त ठेवायची ती आखलेल्या रेषांवरच्या शोधावर आणि पाण्याखालच्या ध्वनिमुद्रणावर.

पायरी तिसरी: रेषा आखणे

डॉल्फिन दाखवायला पर्यटकांना नेणाऱ्या होड्या जेथे प्राणी हमखास दिसतात तेथेच जातात. पर्यटनासाठी ते योग्यच आहे, पण त्या फेऱ्यांतील नोंदींवरून प्राण्यांचे प्रमाण काढता येत नाही. सर्वेक्षणाची होडी जेथे काही दिसण्याची आशा नाही तेथेही तेवढ्याच निष्ठेने गेली पाहिजे.

भुलग्यांची दाटी खोलीनुसार बदलते, म्हणून रेषा किनाऱ्याला समांतर न आखता किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे आखाव्यात, म्हणजे प्रत्येक रेषेत उथळ आणि खोल असे दोन्ही भाग येतात. देवगड ते आचरा किंवा निवती ते वेंगुर्ला असा एक पट्टा निवडावा, पहिल्या रेषेची जागा चिठ्ठी टाकून ठरवावी आणि पुढच्या रेषा तेथून समान अंतरावर, समजा दोन-दोन किलोमीटरवर, घ्याव्यात. सुरुवातीला वीस मीटर खोलीपर्यंतचा समुद्र पुरेसा आहे. तांडेलाशी (होडी चालवणाऱ्या प्रमुखाशी) बोलताना हीच खोली सुमारे अकरा वाव अशी सांगावी, म्हणजे दोघांच्या डोक्यात एकच जागा राहते. रेषांचे आरंभ आणि शेवट जीपीएसमध्ये भरल्यावर नकाशा घेऊन तांडेलाबरोबर बसावे. बुडालेले खडक, ओहोटीला उघडी पडणारी वाळू आणि कायमच्या जाळ्यांच्या जागा त्याला ठाऊक असतात. त्याच्या सांगण्यावरून रेषा बदलली, तर बदल समुद्रावर जाण्यापूर्वी कागदावर यावा. प्राणी दिसला म्हणून ऐनवेळी रेषा वळवणे मात्र कटाक्षाने टाळावे.

ऋतूचा विचार साधा आहे. पावसाळ्यात काम होत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि समुद्र त्यानंतरही बराच काळ खवळलेला असतो. ऑक्टोबर ते मे हा कामाचा काळ आणि त्यातही सकाळ उत्तम, कारण पहाटेचे मतलई वारे मंदावल्यावर आणि दुपारचे खारे वारे सुरू होण्यापूर्वी काही तास पाणी सपाट असते.

पायरी चौथी: होडीवरचे काम

किमान चार माणसे हवीत: डावीकडे पाहणारा, उजवीकडे पाहणारा, नोंद करणारा आणि एक विश्रांती घेणारा. अर्ध्या अर्ध्या तासाने जागा बदलाव्यात, कारण चकाकत्या पाण्यावर डोळे लवकर थकतात आणि थकलेला माणूस आपण थकलो हे मान्य करत नाही. होडीचा वेग ताशी तेरा ते पंधरा किलोमीटरच्या आसपास आणि सतत एकसारखा असावा. निरीक्षक जितका उंचावर उभा राहील तितके चांगले, मात्र जीवरक्षक जॅकेट सर्वांच्या अंगावर हवे. दोन दुर्बिणी, जीपीएस, कोनमापक, पाण्यात न भिजणारी वही आणि पेन्सिल एवढ्यावर सुरुवात होते. महागड्या कॅमेऱ्यावाचून काम अडत नाही.

समुद्राची स्थिती दर पंधरा मिनिटांनी लिहावी. बोफर्ट मापनश्रेणीत शून्य म्हणजे आरशासारखे पाणी, एक म्हणजे नुसत्या सुरकुत्या, दोन म्हणजे न फुटणाऱ्या लहान लाटा. लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला की तीन, आणि तेथे भुलग्याचे सर्वेक्षण थांबवावे. डॉल्फिनसाठी काही गट यापुढेही काम करतात. भुलग्याची पाठ मात्र अशा पाण्यात दिसतच नाही, आणि न दिसलेले भुलगे ‘नसलेले’ म्हणून नोंदले जातात. इंधन खर्च झाले आहे म्हणून रेटून पूर्ण केलेली रेषा सगळ्या मोसमाची आकडेवारी बिघडवू शकते. उरलेली रेषा दुसऱ्या दिवशी करावी.

प्राणी दिसल्याक्षणी ओरडून सांगावे आणि तीन गोष्टी लगेच नोंदाव्यात: होडीच्या दिशेपासूनचा कोन, होडीपासूनचे अंतर आणि गटातील संख्या. खरे कौशल्य पहिल्या दोनांत आहे. प्राणी रेषेपासून किती दूर होता हे या दोन्हींवरून काढले जाते. अंतराला कोनाच्या साइनने गुणले की रेषेपासूनचे लंब अंतर मिळते. भुलगा २०० मीटरवर आणि ३० अंशांत असेल, तर लंब अंतर १०० मीटर. तोच १० अंशांत असेल, तर सुमारे ३५ मीटर. आता नवशिक्याची सवय अशी, की प्राणी साधारण समोर दिसला की तो कोन ‘शून्य’ म्हणून टाकतो. मग ३५ मीटरचे शून्य होते, रेषेवरच प्राण्यांची खोटी गर्दी दिसते आणि पुढचे सगळे गणित संख्या फुगवून दाखवते. कोनमापक होडीच्या कठड्याला घट्ट बांधावा आणि त्यावरचा आकडा वाचूनच सांगावा. अंतराचा सराव तरंगत्या बोयांवर करावा: आधी डोळ्यांनी अंदाज सांगायचा, मग जीपीएसने खरे अंतर मोजायचे, आणि प्रत्येकाचा अंदाज कोणत्या बाजूला चुकतो हे वहीत लिहून ठेवायचे.

वहीतील एक ओळ नमुन्यादाखल अशी: ‘०८:४२, रेषा ५, डावा निरीक्षक, कोन २०, अंतर १५०, भुलगा, संख्या २ (किमान २, कमाल ३), बोफर्ट १, ऊन समोरून, खोली ९ मीटर, जवळ दोन गिलनेट.’ (गिलनेट म्हणजे पाण्यात पडद्यासारखे उभे राहून मासे अडकवणारे जाळे.) याच्या वरची आणि खालची ओळ बहुधा ‘काही नाही’ अशी असते, आणि त्या ओळी गाळण्याचा मोह सर्वांनाच होतो. रेषा कधी सुरू झाली, कधी थांबली, मध्ये कोणी चहा घेतला म्हणून शोध किती मिनिटे बंद होता, हे सारे लिहिलेच पाहिजे. दहा भुलगे दिसले ही बातमी झाली. शंभर किलोमीटर शोधून दहा दिसले ही नोंद झाली. माझ्या मते या कामाचा सर्वाधिक भाग न दिसण्याचा नीट हिशेब ठेवण्यात आहे आणि ज्याला त्याचा कंटाळा येतो त्याने पक्षी पाहावेत.

पायरी पाचवी: अधिवासाची मोजमापे

प्रत्येक रेषेवर ठरलेल्या अंतराने थांबून, प्राणी दिसो वा न दिसो, खोली, पाण्याचे तापमान, क्षारता आणि पारदर्शकता मोजावी. पारदर्शकतेसाठी सेक्की तबकडी पुरते: काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगवलेली गोल तबकडी खुणा केलेल्या दोरीने खाली सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीची लांबी वाचायची. फक्त प्राणी दिसले तेथेच मोजणी केली, तर त्यांना गढूळ पाणी आवडते की तो सगळा समुद्रच गढूळ होता हे कधीच कळणार नाही.

भरती-ओहोटीची वेळ आणि उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) हेही लिहावे, कारण खाडीच्या मुखाशी पाण्याची ओढ बदलली की मासळीची जागा बदलते. नजरेच्या टप्प्यातील जाळी, ट्रॉलर, पर्यटक होड्या, खाडीतील वाळूउपसा आणि जेट्टीचे बांधकाम यांची मोजणी त्याच वहीत यावी.

पायरी सहावी: पाण्याखालचे कान

भुलगा शिट्ट्या घालत नाही. तो अतिशय उच्च कंप्रतेचे, साधारण १२० ते १४० किलोहर्ट्झच्या टप्प्यातील सूक्ष्म टिकटिक आवाज काढतो. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. याचा फायदा असा, की हे आवाज डॉल्फिनच्या आवाजांपासून वेगळे काढता येतात. तोटा असा, की ते पाण्यात लवकर विरतात आणि काही शे मीटरपलीकडे यंत्राला ऐकू येत नाहीत. उपकरण विकत घेताना नमुनादर, म्हणजे ध्वनी टिपण्याची वारंवारता, सेकंदाला किमान तीन लाखांच्या आसपास आहे का हे पाहावे. संगीतासाठी बनवलेला ध्वनिमुद्रक येथे निरुपयोगी ठरतो. एफ-पॉडसारखी केवळ अशी टिकटिक टिपणारी यंत्रेही मिळतात आणि ती महिनोन्महिने पाण्यात ठेवता येतात.

या पद्धतीचे मोल मेक्सिकोच्या वाकिता या पॉरपॉइजच्या बाबतीत दिसले. कॅलिफोर्नियाच्या आखातात १९९७ च्या सर्वेक्षणात त्यांची संख्या सुमारे ५६७ आणि २००८ मध्ये सुमारे २४५ होती. पुढे प्राणी इतके विरळ झाले, की होडीवरून पाहून दरवर्षीची घट मोजणे अशक्य झाले. ती घट दाखवून दिली ती २०११ पासून दर उन्हाळ्यात त्याच जागी ठेवलेल्या ध्वनियंत्रांनी, आणि २०१६ अखेरीस उरलेले प्राणी तीसच्या आसपास असल्याचा अंदाज त्यांच्या आधारेच बांधता आला. तेथे घात केला तो गिलनेटने.

आपल्याकडे यंत्रांना खरा धोका ट्रॉलरच्या जाळ्यांचा आणि चोरीचा आहे. म्हणून जागा गावातील मच्छीमार सोसायटीशी बोलून, ट्रॉलर टाळतात अशा खडकांच्या आडोशाला निवडावी आणि यंत्रावर मराठीत हे काय आहे, कोणाचे आहे आणि सापडल्यास कोठे द्यावे हे लिहावे.

पायरी सातवी: मच्छीमारांशी बोलणे

भुलग्याचा मुख्य शत्रू जाळ्यात अडकून होणारा मृत्यू आहे आणि त्याची माहिती फक्त मच्छीमारांकडे असते. कायद्याच्या भीतीने ती सहज मिळत नाही. पहिल्याच भेटीत ‘तुमच्या जाळ्यात किती अडकले?’ असे विचारणाऱ्याला ‘एकही नाही’ हेच उत्तर मिळेल आणि ते योग्यच आहे. आधी जाळ्याचा प्रकार, आसाची (जाळ्याच्या छिद्रांची) मापे, हंगाम आणि मासळीचे भाव यांवर बोलावे. नावे लिहू नयेत आणि लिहीत नसल्याचे वही पुढे करून दाखवावे. प्राण्यांची छायाचित्रे दाखवताना त्यांत आपल्या समुद्रात न आढळणाऱ्या एखाद्या जातीचे चित्रही ठेवावे. तेही ‘रोजच दिसते’ असे सांगणाऱ्याची बाकीची उत्तरे जपून वापरावीत.

जाळे कापून संरक्षित प्राणी जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारास नुकसानभरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली आणि तिची कमाल मर्यादा तेव्हा २५,००० रुपये ठरवली होती. तिची माहिती, आणि त्यासाठी सोडतानाचे छायाचित्र वा चित्रफीत लागते ही बाब, प्रत्येक जेट्टीवर सांगणे हे सर्वेक्षकाचेही काम आहे. अशा चित्रफितींमधून प्रजातीची नोंदही मिळते.

किनाऱ्याला लागलेला प्राणी दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जिवंत असेल, तर गर्दी हटवावी, सावली आणि ओले कापड द्यावे, डोक्यावरील श्वासरंध्रात पाणी जाऊ देऊ नये आणि शेपटीला धरून ओढू नये. मृत असेल, तर उघड्या हाताने स्पर्श करू नये. वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंतची सरळ लांबी घ्यावी; टेप अंगावरून वाकवून घेतलेले माप चालत नाही. डोके, पाठीची पट्टी, शेपटी आणि पोटाकडील बाजू यांची छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून काढावीत. मादीत जननछिद्र आणि गुदद्वार जवळजवळ असतात, नरात त्यांच्यात ठळक अंतर असते, म्हणून पोटाकडचे छायाचित्र विसरू नये. जाळ्याच्या दोऱ्यांचे वळ दिसले, तर तेही टिपावेत. दात किंवा हाड आठवण म्हणून घरी नेणे हा गुन्हा आहे.

पायरी आठवी: नोंदींचे गणित

वही त्याच संध्याकाळी संगणकात उतरवावी. दुसऱ्या दिवशी ‘अंतर १५०’ आहे की ‘१८०’ हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. वर्षअखेर दर शंभर किलोमीटरमागे दिसलेले गट हा पहिला आकडा काढावा. गटांच्या साठ ते ऐंशी नोंदी जमल्यावर अंतरानुसार दिसण्याची शक्यता कशी घटते याचा आलेख बसवता येतो आणि त्यावरून आपण प्रत्यक्षात किती रुंद पट्टा पाहिला हे ठरते.

काल्पनिक आकडे घेऊन पाहू. ६०० किलोमीटर शोधात ६० गट दिसले, प्रत्येकी सरासरी दोन प्राणी, आणि पाहिलेला पट्टा दोन्ही बाजूंना दीडशे मीटर निघाला. म्हणजे क्षेत्र १८० चौरस किलोमीटर, प्राणी १२० आणि दाटी चौरस किलोमीटरला ०.६७. पण रेषेवरचेही सगळे भुलगे दिसतात असे नाही. काही त्या वेळी पाण्याखाली असतात, काही वर येऊनही नजरेतून सुटतात. निम्मेच दिसत असतील, तर खरी दाटी दुप्पट, १.३३. हा सुधारणांक स्वतंत्र प्रयोगाने काढावा लागतो, आणि तोवर आपल्या आकड्याला ‘संख्या’ न म्हणता ‘निर्देशांक’ म्हणावे. अहवालात आकड्यासोबत त्याची अनिश्चितता छापावी. थोड्या नोंदींवरून काढलेला निर्देशांक एका वर्षात तीस टक्के खाली आला, तर तो नुसता योगायोगही असू शकतो; वृत्तपत्राला कळवण्याची घाई करू नये.

दर्शनांच्या आणि मृत प्राण्यांच्या नोंदी मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्वेशन नेटवर्क ऑफ इंडियाच्या सामाईक संग्रहात द्याव्यात आणि मूळ वह्यांची छायाचित्रे दोन वेगळ्या ठिकाणी जपावीत.

पुढच्या मोसमात त्याच रेषा, तोच वेग, तेच महिने ठेवावेत. होडी बदलावी लागलीच, तर निदान काही रेषा एकाच आठवड्यात जुन्या आणि नव्या अशा दोन्ही होड्यांवरून कराव्यात. नव्या होडीची उंची आणि इंजिनाचा आवाज वेगळा असतो, आणि ही जोड घातलेली नसेल, तर पुढच्या वर्षी आकड्यात दिसलेला फरक भुलग्यांमुळे पडला की होडीमुळे, हे सांगता येणार नाही.